वॅट सोडा, आधी सेन्सिटिव्हिटी बघा

होम थिएटर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा आहे हो?" आणि दुकानदारही खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो. पण नुसत्या वॅटवरून आवाज किती मोठा येणार ते कळतच नाही. वॅट म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरला किती पॉवर देऊ शकतो ते, तिचा आवाज किती होणार हे स्पीकरच्या हातात, आणि घरातले स्पीकर या बाबतीत भयंकर उधळे असतात, मिळालेल्या पॉवरपैकी जेमतेम एखादा टक्का आवाजात जातो, बाकी सगळी गरमी होऊन वाया.

त्यात वॅटचे प्रकारही बरेच. जुन्या डेकवर आणि कॉम्प्युटर स्पीकरवर 1000 वॅट, 2000 वॅट पीएमपीओ लिहिलेलं असायचं, अजूनही कुठेकुठे दिसतं. पीएमपीओ म्हणजे क्षणभरापुरती जास्तीत जास्त पॉवर, पण ती कशी मोजायची याचं काही स्टँडर्डच नाही, त्यामुळे त्या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करा. आरएमएस बघा, म्हणजे सतत किती पॉवर मिळेल तो आकडा. खात्री करायची तर अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. समजा आउटपुट 12 व्होल्ट, 2 अँपिअर असेल तर गुणाकार करा, 24 वॅट झाले, मग आतला ॲम्प स्पीकरला सतत 24 पेक्षा जास्त देणार कुठून? आरएमएसशेजारी टीएचडी किती लिहिलाय तेही बघायचं, टीएचडी म्हणजे मूळ आवाजात ॲम्पने स्वतःची किती भेसळ केली त्याची टक्केवारी. 10 टक्के टीएचडीला मोजलेले 50 वॅट आणि 1 टक्क्याच्या आत मोजलेले 50 वॅट यात खूप फरक आहे, कारण 10 टक्क्याला ॲम्पचा दम संपलेला असतो, लहरींचे शेंडे कापले जात असतात आणि गाणं फाटल्यासारखं वाटतं. अमेरिकेत तर ॲम्पच्या जाहिरातीत पॉवर कशी मोजून सांगायची याचा नियमच 1974 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला करावा लागला, इतकी फेकाफेक चालायची.

आता खरा महत्त्वाचा आकडा, जो कोणी विचारत नाही. स्पीकरला 1 वॅट दिला आणि 1 मीटरवरून मोजलं तर आवाज किती डेसिबल भरतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. डेसिबलचं गणित साध्या बेरजेसारखं चालत नाही, पॉवर दुप्पट केली की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट! एक स्पीकर 84 डेसिबलचा आणि दुसरा 90 चा घ्या. पहिल्याला 100 वॅट दिले तर 104 डेसिबल मिळतात, दुसऱ्याला तेवढ्याच आवाजाला 25 वॅट पुरतात. म्हणजे स्पीकर नीट निवडला तर ॲम्प चौपट लहान चालतो, आणि हॉलमध्ये रोजचं गाणं ऐकायला तर बऱ्याचदा एक-दोन वॅटच खर्च होतात.

इथे एक गोम आहे. बऱ्याच कंपन्या 1 वॅटऐवजी 2.83 व्होल्ट देऊन सेन्सिटिव्हिटी मोजतात. 8 ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजवर बरोबर 1 वॅट जातो पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 वॅट, म्हणजे त्याला 3 डेसिबल फुकटात मिळाले, तेवढे वजा करूनच तुलना करायची. हे ओहम म्हणजे इम्पिडन्स, स्पीकर करंटला किती अडवतो ते. ओहम कमी तितका ॲम्पवर ताण जास्त. ॲम्पच्या एकाच चॅनलला 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ॲम्पला 4 ओहमच दिसतात, त्यामुळे मागच्या टर्मिनलजवळ कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय जादा स्पीकर लावू नका, ॲम्प तापून बंद पडतो, कधी जळतोही.

राहिला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो ते. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं, पण पुढे अधिक-उणे 3 डेसिबल वगैरे काही लिहिलं नसेल तर त्याला अर्थ नाही. 40 हर्ट्झचा आवाज बाकीच्यांपेक्षा 15 डेसिबल खाली असला तरी तो "येतो" असं म्हणता येतंच की, फक्त तबल्याच्या डग्ग्याची घुमार ऐकायला गेलं की ती सापडत नाही.