प्रोसेसची निरवानिरव

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमधला एक दोष जाहीर केला. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी जगभर हेच सॉफ्टवेअर वापरले जाते आणि या दोषाचा फायदा घेऊन पासवर्ड न देताच सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवणे शक्य होते. दोषाचे मूळ कूटलेखनाच्या गणितात नव्हते. प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, मरता मरता लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) एक ओळ लिहायला घेतली, एवढेच झाले होते.

नव्या कनेक्शनला लॉगिन पूर्ण करण्यासाठी हा सर्व्हर सहसा १२० सेकंद देतो. मुदत संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसला सिगअलार्म हा सिग्नल देतो. सिग्नल आला की चालू काम असेल तिथे, अगदी एखाद्या फंक्शनच्या मध्यावरसुद्धा, थबकते आणि सिग्नल हँडलर नावाचे वेगळे फंक्शन चालू होते. समजा, त्या क्षणी प्रोसेस मॅलॉकमध्ये आहे. मॅलॉक हे मेमरीचे तुकडे देणारे फंक्शन असून कोणता तुकडा मोकळा आहे आणि कोणता दिलेला आहे याची खतावणी ते सांभाळते. जमेची नोंद झाली, नावेची व्हायची आहे, अशा अवस्थेत हँडलरने लॉग लिहायला घेतला आणि त्या लेखनालाही मेमरी लागली, तर तेच मॅलॉक तीच अर्धवट खतावणी खरी मानून पुढे जाते. अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, असलेल्या प्रोसेसमध्ये या खतावणीला लॉक असते; ते एका वेळी एकाच थ्रेडला धरता येते. तेथे थ्रेड स्वतःच धरलेले लॉक सुटण्याची वाट पाहत कायमचा अडकतो. एकच थ्रेड असेल तर ग्लिबसी ही लिनक्सवरील सी भाषेची प्रचलित लायब्ररी (तयार फंक्शनांचा संग्रह) वेग वाचवण्यासाठी ते लॉक घेतच नाही. प्रोसेस अडकून पडली असती तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ येते ती इथेच, कारण बिघडलेल्या खतावणीतून हल्लेखोराला वाट मिळते. क्वालिसने ३२ बिटांच्या लिनक्सवर हे करून दाखवले. नेमका क्षण साधायला त्यांना सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले.

हाच दोष २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची फेररचना करताना जुनी संरक्षक अट चुकून वगळली गेली आणि ८.५पी१ या आवृत्तीबरोबर दोष परतला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र याची झळ लागली नाही, कारण हँडलरमधूनही सुरक्षितपणे चालणारे लॉगिंगचे वेगळे फंक्शन तेथे २००१ पासूनच होते. ९.८पी१ मधली दुरुस्ती मला फार मार्मिक वाटते: मुदत संपलेली प्रोसेस आता एक ठरावीक संकेतांक मागे ठेवून मुकाट्याने संपते आणि तिच्यामागची निरवानिरव तिला जन्म देणारी पालक प्रोसेस करते.

अशा मुकाट मरणासाठी अंडरस्कोर-एक्झिट हे फंक्शन आहे. ते थेट कर्नलला सांगून प्रोसेस संपवते. साधे एक्झिट आधी घर आवरते. शेवटी चालवण्यासाठी एटएक्झिटने आधीच नोंदवलेली फंक्शने ते उलट्या क्रमाने चालवते, बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, उरलेला मजकूर फाइलमध्ये उतरवते आणि मगच निरोप घेते. म्हणून युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने हँडलरमध्ये वापरण्यास सुरक्षित ठरवलेल्या फंक्शनांच्या यादीत अंडरस्कोर-एक्झिट आहे. एक्झिट, मजकूर छापणारे प्रिंटएफ आणि मॅलॉक नाहीत.

पण आवराआवर करूनच थांबायचे असेल तर? हँडलरने फक्त एक खूण वर करावी आणि मुख्य लूपने ती पाहून यथावकाश बाहेर पडावे, हा पहिला उपाय सुचतो. त्यात एक बारीक फट राहते. लूपने खूण तपासली, ती नव्हती, आणि इनपुटची वाट पाहत झोपी जाण्याआधीच्या निमिषात सिग्नल आला, तर खूण वर होते पण लूप झोपूनच राहतो. संगणकशास्त्रज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांची युक्ती ही फट बुजवते. प्रोसेसने स्वतःसाठीच एक पाइप (एका टोकाला लिहिलेले दुसऱ्या टोकाला वाचता येणारी वाहिनी) उघडावा, हँडलरने त्यात एक बाइट लिहावा आणि लूपने इतर इनपुटांबरोबर त्या पाइपवरही लक्ष ठेवावे. पाइपमध्ये पडलेला बाइट वाचला जाईपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे सिग्नल आधी आला काय आणि नंतर आला काय, लूपला जाग येतेच. पाइप मात्र नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे लिहिणाऱ्याला थांबवून न ठेवणारा, ठेवावा, नाहीतर तो भरल्यावर हँडलरच अडकेल. लिनक्सने २००७ मध्ये सिग्नलएफडी आणून हीच सोय कर्नलमध्ये दिली.

थ्रेड आले की नवा पेच उभा राहतो. दोन थ्रेडांनी एकाच वेळी एक्झिट बोलावले तर काय व्हावे, हे सी मानकाने अनिर्णित ठेवले आहे. जानेवारी २०२५ मधील ग्लिबसी २.४१ पासून एक्झिटला लॉक आहे. दुसरा थ्रेड तिथेच थांबतो आणि प्रोसेसबरोबर संपतो. एक्झिट न बोलावता आपले काम करत राहिलेल्या थ्रेडांना हे लॉक अडवत नाही. एक थ्रेड घर आवरत असताना दुसरा त्याच घरातील, नुकतीच मोडीत काढलेली वस्तू उचलू शकतो. त्यामुळे लायब्ररीने स्वतःचे थ्रेड सुरू करताना त्यांच्यात सर्व सिग्नल रोखून धरावेत, ते थ्रेड थांबवण्यासाठी वेगळे फंक्शन द्यावे आणि स्वतः एक्झिट कधीच बोलावू नये. चूक झाल्यास ती परत कळवावी, कारण प्रोसेस केव्हा संपवायची हे मुख्य प्रोग्रामने ठरवायचे असते.