फाइलीचं नाव नको, हॅश बघा

पावसाळ्यात कणकवली-कुडाळकडे लाइट गेली की मागोमाग नेटही जातं. मोठं डाउनलोड अर्ध्यावर अडकतं आणि कोणीतरी म्हणतं, 'माझ्याकडे आहे तो सेटअप, पेन ड्राइव्ह घेऊन ये.' नाव तेच, साइझ तेवढीच, आयकॉनही तोच, म्हणजे फाइल अस्सलच, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. पण देवगड हापूसचा शिक्का मारलेल्या पेटीत भलताच आंबा भरता येतो, तसं नाव आणि आयकॉन कोणत्याही फाइलीला चिकटवता येतात.

खात्री करायची तर फाइलीचा हॅश काढावा आणि निर्मात्याने दिलेल्या हॅशशी जुळवावा. फाइलीतला प्रत्येक बाइट ठरलेल्या गणितातून जातो आणि शेवटी एक आकडा हाती येतो. शा-२५६ या पद्धतीत फाइल दोन केबीची असो की चार जीबीची, उत्तर २५६ बिटांचंच: ० ते ९ आणि ए ते एफ यांतली ६४ चिन्हं.

हे गणित आतून फार देखणं आहे. आधी फाइलीचे ५१२ बिटांचे तुकडे पाडतात. सुरुवातीला ३२ बिटांचे आठ आकडे तयार असतात, ते पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून आलेले. २ चं वर्गमूळ १.४१४२१३५६…, त्यातल्या दशांशचिन्हापुढच्या भागाचे पहिले ३२ बिट १६ च्या पायात लिहिले की ६ए०९ई६६७ मिळतो, तोच पहिला आकडा. वर्गमुळंच का? तर रचना करणाऱ्याने सोयीचा आकडा घुसवून चोरवाट ठेवली, असा संशय राहू नये म्हणून. मग प्रत्येक तुकड्यावर ६४ फेऱ्या होतात. बिट गोल फिरवायचे, एकमेकांशी एक्सऑर करायचे (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), बेरीज करून ३२ बिटांबाहेर गेलेला हातचा सोडून द्यायचा; शिवाय दर फेरीला एका मूळ संख्येच्या घनमुळातून आलेला स्थिरांक मिसळायचा. एका तुकड्याचं उत्तर पुढच्या तुकड्याची सुरुवात ठरतं. त्यामुळे फाइलीत कुठेही एक बिट उलटला, तर अखेरच्या २५६ पैकी साधारण १२८ बिट उलटतात.

जुन्या पद्धती मात्र आता भरवशाच्या नाहीत. एमडी५ मध्ये २००४ साली शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या नोंदी दाखवल्या. २०१७ मध्ये शा-१ चीही तीच गत झाली.

अमेरिकेतली निस्ट ही संस्था माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फाइलींच्या हॅशची मोठी यादी ठेवते. जप्त केलेल्या संगणकातल्या ओळखीच्या फाइली तपास करणारे त्यावरून चटकन बाजूला काढतात. घरी हॅश काढायला विंडोजवर सर्टयुटिल आणि लिनक्सवर शा२५६सम या आज्ञांनी काम भागतं. मात्र जुळवायचा हॅश मूळ निर्मात्याच्या साइटवरून घ्यावा, त्याच पेन ड्राइव्हमधल्या टेक्स्ट फाइलीतून नव्हे. नव्या संगणकापुढे नारळ फोडून किंवा मॉनिटरला लिंबू-मिरची बांधून व्हायरस अडत नाही, आणि डाउनलोड बटणाखालच्या '१००% सुरक्षित' या हिरव्या शिक्क्यानेही नाही.

हॅश जुळला तर फाइल तीच आहे एवढंच कळतं. ती चांगली आहे की नाही, ते कळत नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या, लिनक्समधल्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकीच एकाने चोरदरवाजा ठेवला होता. फाइल अधिकृत असल्याने हॅश अगदी बरोबर जुळत होता. त्या आवृत्तीमुळे दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं आणि त्याने मागोवा घेतला, म्हणून ते उघडकीला आलं.