सात कोन पुरे होतात

कोथरूडला बहिणीकडे गेलो, तर दहावीतली भाची भूमितीची वही घेऊन रुसून बसलेली. ‘सिद्ध करा’ या प्रश्नात तिने थीटाच्या जागी ४५ अंश घातले, दोन्ही बाजू सारख्या आल्या, खाली ‘डावी बाजू = उजवी बाजू’ लिहिले. गुण शून्य. “मामा, जुळलंय तर सगळं!”

बाईंचे बरोबरच आहे. साइन थीटा + कॉस थीटा = १ हे घ्या. ० अंशाला खरे, ९० अंशालाही खरे. ४५ अंशाला मात्र बेरीज येते सुमारे १.४१४. ‘सिद्ध करा’ म्हणून देतात ती नित्यसमानता, ती प्रत्येक कोनाला खरी असावी लागते. जुळलेले तेवढे दाखले मोजायचे, ही ज्योतिषाची रीत. डॉ. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चाचणी घेतली, तेव्हा २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून उत्तरे दिली. मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती.

पण भाचीची वाट अगदीच चुकीची नव्हती. कोन पुरेसे तपासले तर तीही सिद्धताच होते, आणि मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. किती कोन? कोटीची दुप्पट अधिक एक. कोटी म्हणजे एका पदातल्या साइन-कॉसच्या घातांची जास्तीत जास्त बेरीज; साइन ३थीटा तीन घातांइतका धरायचा. साइन ३थीटा = ३ साइन थीटा − ४ साइनघन थीटा, इथे कोटी ३, म्हणून एका फेरीतले कोणतेही ७ वेगळे कोन.

कारण असे. एकक वर्तुळावरचा (त्रिज्या १) बिंदू ही एक संमिश्र संख्या, म्हणजे −१ चे वर्गमूळ ‘आय’ वापरून लिहिलेली संख्या; तिला ‘झ’ म्हणू. झ आणि १/झ यांच्या बेरजेची निम्मी म्हणजे कॉस. वजाबाकीला २आय ने भागले की साइन. दोन्ही बाजूंची वजाबाकी करून झ च्या घनाने गुणा. छेद जातात, उरते फार तर सहाव्या कोटीची बहुपदी. वर्गसमीकरणाला दोनहून जास्त मुळे नसतात, तशी हिला सहाहून जास्त नसतात. सातव्या जागीही शून्य आले, तर तिचा प्रत्येक सहगुणक शून्यच असला पाहिजे! मघाच्या खोट्या समीकरणाची कोटी १. ते दोनच कोनांत लपू शकते, तिसऱ्याला सापडतेच. टॅन, सेक असतील तर आधी छेद काढून टाकायचे.

बोर्डाच्या पेपरात मात्र डाव्या बाजूकडून उजवीकडे पायऱ्याच लिही, असे तिला बजावले. मग ०, ३०, ९०, १५०, १८०, २१०, २७० असे कोन घेतले. शाळेचा तक्ता ९० ला संपतो, म्हणून पुढे वर्तुळ काढले. २१० ला ती अडली. बिंदू खाली डावीकडे, साइन उणे अर्धा. उजवी बाजू उणे दीड अधिक अर्धा, म्हणजे उणे एक. डावीकडे साइन ६३०. एक फेरी वजा केली की साइन २७०, तोही उणे एक. शेवटचा कोन तिने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच सोडवला.