सीझेड ७५ बी आणि बीडी : खटका एकाच जागी, काम भलतंच

"दादा, बी घेऊ की बीडी? दोन्ही एकच ना?"

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या मराठी मंडळींत पिस्तूल बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरी सीझेड ७५ या चेक पिस्तुलाच्या दोन प्रकारांबद्दलचा हा प्रश्न मला महिन्या-दोन महिन्यांत एकदा येतोच, आणि तोवर कुणीतरी "हो रे, एकच, फक्त खटका वेगळा" असं सांगून मोकळं झालेलं असतं. हे म्हणजे गाडी तीच, फक्त ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अदलाबदल केलेत, असं सांगण्यासारखं आहे. (आणि हो, बीडीवरून विडीचा विनोद सगळ्यांचा करून झालाय.)

पोलादी पिस्तूल म्हणजे काय, ते जड का असतं, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एका ओढीला एकच गोळी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. हे पिस्तूल ९ मिलिमीटरचं, आणि भारतात ते बोअर साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांना हे ऐकीव ज्ञान म्हणूनच घ्यावं लागेल.

दोन्हींत सारखं काय, ते झटपट. वजन किलोभर, लांबी २०६ मिलिमीटर, नळी १२०च्या आसपास. पोलादामुळे झटका मऊ लागतो. दोन तास कमरेला लावून फिरलात की तेच पोलाद कंबर धरतं. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, फ्रेमच्या म्हणजे खालच्या सांगाड्याच्या आतल्या खाचांतून धावते, बाहेरून नाही. त्यामुळे पिस्तूल हातात खाली बसतं, पण मागे ओढायला स्लाइडचा पोलादी काठ बोटभरच मिळतो. मे महिन्यात घामेजल्या हाताने ओढून बघा, शिव्या आपोआप सुचतील. साफ करायला खोलताना स्लाइड आणि फ्रेमच्या मागच्या बाजूच्या दोन रेघा जुळवायच्या आणि स्लाइड-स्टॉपची पिन उजवीकडून ढकलायची. नवीन पिस्तुलात ती इतकी घट्ट बसते की मी अजून रिकाम्या मॅगझिनच्या बुडाने ठोकतो. हे सगळं बीलाही लागू आणि बीडीलाही. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. दस्त्यावर लाकूड बरं की रबर, यावर तर मुळीच नको.

आता मुद्दा. आधी एक शब्द पक्का करू. मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, आणि बातम्यांत "घोडा दाबला" म्हणतात तेव्हा त्यांना चाप म्हणायचं असतं. मी इथे घोडा म्हणतोय तो पिस्तुलाच्या मागच्या टोकाचा हातोडीसारखा भाग. बोटाने ओढतो तो चाप.

या पिस्तुलात पहिली गोळी दोन प्रकारे सुटते. घोडा खाली असेल तर चापाच्या एकाच लांब ओढीत घोडा मागे जातो आणि सुटतो. त्याला चारपाच किलोचा जोर लागतो. घोडा आधीच मागे असेल तर ओढ अगदी आखूड आणि दोनेक किलोची. पहिली ओढ चुकून होणं अवघड. दुसरी चुकून होणं सोपं. म्हणून गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला बसलेली, असताना घोडा कुठे आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने पिस्तूल खाली ठेवावं.

बीच्या डाव्या बाजूला, अंगठ्याजवळ जो खटका आहे तो सेफ्टी. वर केला की चाप अडतो, खाली केला की पिस्तूल गोळी झाडायला तयार. आणि ही सेफ्टी घोडा मागे असतानाच लागते. घोडा खाली असेल तर खटका वर जातच नाही. थोडक्यात, बीवाल्याची रीत अशी : घोडा मागे, खटका वर, आणि वेळ आली की अंगठ्याने खटका खाली. १९११ हे जुनं अमेरिकी पिस्तूल वापरून आलेल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं.

बीडीत त्याच जागी, जवळपास तसाच दिसणारा खटका आहे. तो सेफ्टी नाही. बीडीला हाताने लावायची सेफ्टीच नाही. खटका खाली दाबला की घोडा खट्टकन पुढे येतो, पण मधल्या सुरक्षित खाचेत अडकतो. अंगठा काढला की खटका आपोआप वर येतो. चाप मोकळाच असतो, फक्त आता ओढ लांब आणि जड. त्याला डीकॉकर म्हणतात आणि बीडीतला डी तो.

म्हणजे अंगठ्याची हालचाल तीच, खाली. बीवर त्या हालचालीने पिस्तूल तयार होतं, बीडीवर शांत होतं. सगळी गोम इथे आहे.

माझा एक सांगलीचा मित्र माझ्या बीडीवर शिकला. पुढे त्याने एका दुकानातून जुनं बी उचललं. काउंटरवरच्या माणसाने त्यालाही "तेच आहे" सांगितलं होतं. शहराबाहेरच्या मोकळ्या रेंजवर, जिथे कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचा सराव करू देतात, पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने गोळी चेंबरमध्ये घेतली, खटका वर केला, जरा गप्पा मारल्या. मग होल्स्टरमध्ये ठेवण्याआधी सवयीने अंगठ्याने खटका खाली दाबला. टक् असा आवाज आला, त्याचं समाधान झालं. मी शेजारी उभा होतो. "घोडा बघ," म्हटलं. घोडा मागेच होता. सेफ्टी निघालेली, चाप दोन किलोचा, आणि नळीचं तोंड त्याच्याच मांडीकडे वळायच्या बेतात. त्याने नळी मातीच्या ढिगाकडे वळवली, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामी केली. मग दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही.

"मग बीचा घोडा अंगठ्याने अलगद खाली आणायचा, त्यात काय?" असं विचारणारे असतातच. त्यात हे आहे. बी या अक्षराचा अर्थ फायरिंग पिनचा, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या सुईचा, अटकाव. चाप पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे सरकू शकत नाही. पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून ही सोय. पण घोडा हाताने उतरवायचा तर चाप ओढावाच लागतो, आणि चाप ओढला की हा अटकाव उठतो. म्हणजे अंगठा घसरण्याचा धोका ज्या क्षणी सगळ्यात जास्त, नेमकं त्याच क्षणी पिस्तुलाने आपलं संरक्षण काढून घेतलेलं असतं. डीकॉकर चापाला हातच लावत नाही, त्यामुळे अटकाव शेवटपर्यंत जागेवर राहतो. बीडीचे जास्तीचे पैसे मी याचसाठी मोजले.

आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत, प्रॉडक्शन गटात पहिली गोळी घोडा खाली ठेवूनच झाडावी लागते, म्हणून स्पर्धक घोडा हाताने उतरवतात. पण ते अधिकाऱ्याच्या हुकमाने, ढिगाकडे तोंड करून, आणि हजारदा केल्यावर. ते व्हिडिओ बघून दिवाणखान्यात सराव करणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. उतरवायचाच झाला तर घोडा सरकायला लागल्याबरोबर चापावरचं बोट सोडा, म्हणजे अटकाव परत बसतो.

गोंधळ वाढवायला बाकीची मंडळी आहेतच. बेरेटा ९२ एफएसचा खटका स्लाइडवर. तो खाली केला की घोडाही पडतो आणि खटका खालीच राहून चापही निकामी होतो. तीन पिस्तुलं, अंगठा खाली, तीन वेगळे परिणाम. शिवाय कौत्स्की बंधूंनी उहेर्स्की ब्रोदला १९७५ साली हे पिस्तूल काढलं तेव्हा चेकोस्लोव्हाकियात त्याचं पेटंट गुपित राहिलं. परदेशात ते राखताच आलं नाही, आणि इटलीपासून इस्रायल-तुर्कीपर्यंत सगळ्यांनी नकला काढल्या. एकट्या जेरिको या इस्रायली नकलेतही खटक्याचे वेगवेगळे प्रकार निघाले. "सीझेडसारखंच आहे" हे वाक्य म्हणूनच मला डोकेदुखी वाटतं. नेमकं कोणत्या सीझेडसारखं?

घरात ठेवायला बीडी. १९११वर हात बसलेला असेल, खटका वर-खाली करणं झोपेतही चुकत नसेल, तर बी. दोन्ही घेऊ नका. एका घरात एकच प्रकार. मी स्वतः एक सुंदर जुनं बी, त्याच्या मऊ चापासकट, फक्त याच कारणासाठी विकलं आणि अजून हळहळतो. खटके बदलून काम भागवायचं असेल तर सीझेडचंच पी-०७ बघा, त्याच्या डब्यात दोन्ही येतात. पण ते पोलादी नाही, आणि बीचं बीडी तसं सहजी होत नाही.

जुना माल घेताना विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. स्लाइडवरची अक्षरं वाचा. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबरमध्ये बोट घालून बघा, पुन्हा बघा. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा मागे घ्या आणि खटका खाली दाबा. घोडा पडला आणि खटका उडी मारून परत वर आला तर बीडी. खटका खालीच राहिला आणि घोडा मागेच, तर ते बी.