लहानग्यांसाठी सेन्सरी रूम, दोन हजारांच्या आत
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे आईबाबा आणि बालवाडीच्या ताई बहुतेक वेळा मोबाईलवर एक फोटो दाखवतात. निळा उजेड, बुडबुड्यांची उंच नळी, छतावरून लोंबणारे चमकते धागे. ही सेन्सरी रूम, म्हणजे मुलांनी बघावं, ऐकावं, हुंगावं, चाचपावं यासाठी मांडलेली खोली. "असं करायला किती लागतील?" त्या एका नळीच्या पैशात घरातला अख्खा कोपरा अनेकदा उभा राहील. म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे वाचा.

अशी खोली पहिल्यांदा नेदरलँड्समध्ये झाली, १९७०च्या दशकात, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी. 'स्नूझलेन' हे तिचं नाव 'हुंगणं' आणि 'डुलकी काढणं' या अर्थाच्या दोन डच शब्दांवरून आलं. हुंगावं आणि निवांत पडावं, एवढंच तिथे अपेक्षित होतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत ते वाढलं. महागडी साधनं पाड्यावर परवडणारी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं झाली. आम्ही त्याच वाटेने जायला सांगतो.

आमची एक चूक आधी सांगतो. दुकानात पहिला नमुना-कोपरा मांडला तेव्हा दिवे, संगीत, अत्तर, घुंगरं, सगळं एकदम सुरू ठेवलं होतं. चारेक वर्षांचा एक मुलगा आत आला, दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसला आणि बराच वेळ बाहेर येईना. त्या दिवसापासून आम्ही एकच नियम पाळतो: एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी बाहेर, बाकीच्या पेटीत. काय काढायचं ते मुलाने ठरवायचं.

खोली नसली तरी चालतं. कपाट आणि भिंत यांच्यामधली चार बाय चार फुटांची जागा पुरते. जाड गडद पडदा लावा, खाली गोधडी अंथरा. मग पिठाची चाळण घ्या आणि तिच्यामागे टॉर्च धरा. भिंतभर ठिपके उमटतात. चाळण भिंतीकडे नेली की ठिपके बारीक होतात, टॉर्चजवळ आणली की मोठे. मूल एकदा हे स्वतः करायला लागलं की अर्धा तास दुसरं काही मागत नाही. लुकलुकणारे दिवे मात्र नकोत; काही मुलांना त्याने फिट येऊ शकते.

पायांसाठी वाट करा. काथ्याचं पायपुसणं, गोणपाट, घोंगडीचा तुकडा, मखमल, चटई, एकापुढे एक. कडा नीट शिवा, नाहीतर पाय अडकतो. काही मुलं काथ्यावर पाय टेकवायलाच तयार नसतात. त्यांना ओढू नका. आधी हाताने चाचपू दे, पाय नंतर येईल.

तोल आणि अंगाची जाण (हातपाय कुठे आहेत, किती जोर लावायचा हे न बघता कळणं) याही इंद्रियांच्याच गोष्टी आहेत आणि त्या हमखास विसरल्या जातात. उशांच्या ढिगात उडी मारणं, तांदळाची दोन किलोची पिशवी इकडून तिकडे नेणं, याला पैसा लागत नाही. साडीची झोळी बांधणार असाल तर हुक स्लॅबमध्ये पक्का बसवून घ्या आणि आधी मोठ्या माणसाने बसून पाहा. वासासाठी वाळा, ओवा, गवती चहा यांच्या सुती पुरचुंड्या पुरतात. अत्तर आणि रूम फ्रेशनर नको.

आता काळजीचं. तीन वर्षांखालील मुलाजवळ वाटाणे, चिंचोके, मणी सुटे ठेवू नका. नाकात-घशात अडकतात, वाटाणा ओला झाला की फुगतोही. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी आम्ही विकतच नाही. पोटात गेले तर आतडं अडू शकतं. बटणासारखे सेल असलेली खेळणी स्क्रूने बंद होणारीच घ्या. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून शंका आली तरी थेट दवाखाना. आरसा काचेचा नको, अॅक्रिलिकचा. रांगोळीची पूड श्वासात जाते, तिच्याऐवजी रवा घ्या. पाण्याची परात ठेवलीत तर जागेवरून उठू नका.

हा कोपरा म्हणजे उपचार नव्हे. मूल हाकेला ओ देत नसेल, बोलणं मागे पडलं असेल किंवा साध्या आवाजानेही बिथरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणारं केंद्र) चौकशी करा, तिथली तपासणी मोफत असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (मुलांना रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) काही सुचवलं असेल तर त्यांचंच ऐका, आमचं नाही.

आमच्याकडून घ्यावं असं थोडकंच आहे: अॅक्रिलिकचा आरसा, पायाखालची जाड मॅट, पडद्याचं कापड. उरलेलं तुमच्या घरात आहे. येताना कोपऱ्याचं माप आणि मुलाचं वय लिहून आणा. घरात जुना पडदा असेल तर तोही आणा. मागून टॉर्च लावून पाहू, उजेड आरपार आला नाही तर नवा घ्यायची गरज नाही.