जुन्या कॉम्प्युटरवरची विंडोज किंवा लिनक्स नव्या मशीनवर नेताना

नवे मशीन आले की बहुतेक ग्राहक आम्हाला सांगतात, "जुन्यावर जसे आहे, तसेच्या तसे यावर करून द्या." हे पुष्कळदा जमते. जुनी डिस्क काढून नव्यात बसवणे किंवा तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या एसएसडीवर उतरवणे हे काम तसे सरळ आहे. गाडी अडते ती जुन्या मशीनशी बांधलेल्या गोष्टींपाशी, म्हणजे एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद ठेवण्याची) किल्ली, लायसन्स आणि बूट होण्याची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, पद्धत. या गोष्टी जुने मशीन सुरू असतानाच सोडवता येतात, म्हणून ते विकण्याआधी किंवा उघडण्याआधी हे पत्रक वाचा.

सर्वात आधी बिटलॉकर

बिटलॉकर म्हणजे विंडोजमधले डिस्कचे एन्क्रिप्शन. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच ते सुरू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, कारण मशीनमधली टीपीएम नावाची किल्ली सांभाळणारी चिप डिस्क आपोआप उघडून देते. तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतला डेटा आम्ही काढून देऊ शकत नाही, आणि कोणी काढून देतो म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे विचारा.

आमचा आग्रह असा की स्थलांतरापूर्वी एन्क्रिप्शन पूर्ण बंद करावे आणि नव्या मशीनवर पुन्हा सुरू करावे. डिस्क मोठी असेल तर याला काही तास लागतात, तेवढा वेळ चार्जर लावून ठेवा. पिन, बोटाचा ठसा आणि चेहऱ्याची ओळखही जुन्या टीपीएमशीच जोडलेली असते, त्यामुळे नव्या मशीनवर ती पुन्हा बसवावी लागते. वर्षानुवर्षे पिननेच आत जाणाऱ्यांना अकाउंटचा पासवर्ड आठवत नाही, असे आम्ही वारंवार पाहतो. तो आजच तपासा.

लायसन्स

कॉम्प्युटर घेतानाच त्यात आलेल्या विंडोजचे लायसन्स ओईएम प्रकारचे असते. ते त्या मशीनपुरतेच असते, दुसऱ्यावर नेता येत नाही. वेगळे विकत घेतलेले रिटेल लायसन्स नेता येते, पण मग जुन्या मशीनवर ते वापरायचे नाही. नव्या मशीनसोबत स्वतःची विंडोज आली असेल आणि दोन्हीकडे एकच आवृत्ती असेल, म्हणजे होमवर होम किंवा प्रोवर प्रो, तर इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेशन बहुधा आपोआप होते. हिशेबाचे किंवा डिझाइनचे महागडे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याचे लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सोडवून घ्या. नंतर त्या कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात दिवस जातात.

बूट का होत नाही?

विंडोज एक्सपीच्या काळात मदरबोर्ड बदलला की निळा पडदा, म्हणजे विंडोज बंद पडणे, बहुधा ठरलेलाच. विंडोज 10 आणि 11 नवे हार्डवेअर ओळखून बरेचसे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) स्वतःच बसवतात. तरीही दोन ठिकाणी अडते. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची असेल आणि नवे मशीन फक्त यूईएफआय ही बूट होण्याची नवी पद्धत मानत असेल, तर डिस्क आधी जीपीटी या नव्या विभागणीच्या पद्धतीत बदलावी लागते. विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीपासून त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे आणि डेटा न पुसता हे काम होते, पण बॅकअप घेतल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही. दुसरी अडचण स्टोरेज मोडची, म्हणजे मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलते त्याची. जुन्याच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एएचसीआय हा मोड आणि नव्याच्या बायोसमध्ये रेड हा मोड असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

डिस्क काढण्यापूर्वी शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, जुन्या हार्डवेअरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते. नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या, कारण इंटरनेटच नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरवणार कसे? पहिल्यांदा सुरू होताना मशीन वेळ घेते आणि मध्ये रीस्टार्टही होते. त्यावेळी पॉवर बटण दाबू नका.

लिनक्स वापरणाऱ्यांचे काम सोपे असते. बूटची नोंद मात्र मदरबोर्डच्या मेमरीत असते, ती नव्याने करावी लागते. फेडोरा हा लिनक्सचा प्रकार सुरू झाला नाही तर बूट मेनूतला रेस्क्यू पर्याय निवडून पाहा.

केव्हा नेऊ नये

इंटेलवरची विंडोज एआरएम या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर चालत नाही. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे तीच नव्या मशीनवर नेण्यात अर्थ नाही. मशीनला व्हायरस लागून गेला असेल तरीही नवीन इन्स्टॉलेशन करून फक्त डेटा आणावा. खरे तर प्रोग्राम पुन्हा बसवता येत असतील, तर आम्ही प्रत्येकाला हाच मार्ग सुचवतो. पूर्ण सिस्टिम हलवण्याचा खटाटोप ज्या सॉफ्टवेअरची मांडणी पुन्हा उभी करता येणार नाही, त्यासाठीच करावा.

क्लोन केल्यावर जुनी डिस्क लगेच फॉर्मॅट करू नका, निदान महिनाभर बाजूला ठेवा. मूळ डिस्क आणि क्लोन एकाच मशीनला एकदम जोडू नका. दोघांची ओळखखूण सारखीच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवते.

आमच्याकडे येताना दोन्ही मशीन चार्जरसह आणा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, लागेल तेव्हा तुम्हीच टाइप करा.