वस्तीनिहाय आरोग्य नकाशा (सोलापूर)

शहरातील कोणत्या वस्तीत कोण राहते, काय काम करते, कशाने आजारी पडते आणि दवाखान्यापर्यंत कसे पोहोचते, हे घरोघरी फिरून नकाशावर मांडण्याची आणि त्यावरून दवाखान्याची जागा, कर्मचारी व वेळ ठरवण्याची पद्धत. १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमधील कॉलऱ्याचे मृत्यू घरांनुसार नकाशावर टिपले आणि रोगाचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपात असल्याचे दाखवून दिले. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने झोपडपट्ट्या आणि आरोग्य केंद्रांचे नकाशे नियोजनात आणले.

अभियानाचे माप ५०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असे आहे. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९,५१,५५८. म्हणजे सुमारे १९ केंद्रे. ती नेमकी कुठे हवीत, हे मात्र भागाकार सांगत नाही. प्रभागाची सरासरीही फसवते, कारण एकाच प्रभागात बंगल्यांची सोसायटी आणि पत्र्याची वस्ती शेजारी शेजारी असू शकतात.

पूर्व भागात हे ठळकपणे जाणवते. येथील तेलुगू भाषक कुटुंबांचे पोट पिढ्यान् पिढ्या यंत्रमागावर आणि विडीवर चालत आले आहे. चादरी-टॉवेलच्या मागाजवळ सुताची धूळ आणि दिवसभराचा खडखडाट. घरात बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, तंबाखूची भुकटी तिच्याबरोबर लेकरांच्याही नाकात जाते. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या, नवे पान-तंबाखू आणायचे, म्हणजे सकाळ त्यातच जाते. सकाळीच उघडणारा दवाखाना तिला दाराशी असूनही लांबच. अभियानाने केंद्रासाठी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ सुचवली आहे. सोलापुरात ती सर्वांत आधी अशा वस्त्यांना मिळायला हवी. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी आशा सेविका (घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती) कोणत्या गल्लीत लागेल, हेही नकाशात नोंदवले पाहिजे.

अंतर सरळ रेषेत मोजू नये. रेल्वेमार्ग ओलांडायला पुलापर्यंत वळसा घालावा लागत असेल, तर गरोदर बाईच्या दृष्टीने तो वळसा हेच खरे अंतर. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव अशा हद्दवाढ भागांत शेवटच्या घरापासून रिक्षा कुठे मिळते, तेही विचारावे लागते.

पालिकेची हद्द संपते तिथे आजार थांबत नाही. शहरालगतच्या कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगारांसाठी १०,००० घरे झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगर या कामगार वसाहतीतील १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. कामासाठी शहराशी बांधलेली ही माणसे राहतात दक्षिण सोलापूर तालुक्यात. पालिका आणि जिल्हा परिषद यांनी एकच नकाशा समोर ठेवल्याशिवाय त्यांची लसीकरणे आणि प्रसूती नीट मोजल्या जाणार नाहीत.

क्षयरोगासारख्या आजाराची घरे कर्मचाऱ्यांच्या नकाशापुरतीच असावीत. लोकांसमोर लावायच्या नकाशात वस्तीची एकत्रित संख्या द्यावी, घराची खूण देऊ नये; शेजाऱ्यांना कळेल या भीतीने माणूस औषध सोडतो.